एंटरवरचं बोट

अक्काला मी फोनवर जे बोललो ते आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढं स्वतःला वाचवायचा मोह होणार नाही. मी म्हणालो, "नाचता येईना अंगण वाकडं, असं करू नकोस अक्का. स्क्रिप्ट बरोबर आहे. तुझंच बोट कुठंतरी चुकतंय."

ती म्हणाली, "असेल की रे तम्मा. बघते." आणि फोन ठेवला. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. मी पुण्यात, कंपनीच्या कॅन्टीनमध्ये उभा होतो, हातात चहाचा कप होता, आणि एक कटकट मिटली म्हणून मला बरं वाटलं होतं.

अक्का माझ्याहून सात वर्षांनी मोठी. तिला जन्मापासून दिसत नाही. सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत ही गोष्ट इतकी जुनी होती की तिचा विषयच निघत नसे. निघायचा तो पाहुण्यांमुळं. कुणी "बिचारी" म्हटलं की अव्वा, म्हणजे आमची आई, लगेच कपबश्या गोळा करायला लागायची, मग पाहुण्याच्या कपात अर्धा चहा शिल्लक असला तरी. अक्का आतल्या खोलीत तोंडावर हात धरून हसायची.

ती अंधशाळेच्या वसतिगृहात राहून शिकली. पुढं एका संस्थेत कॉम्प्युटर शिकून आली, आणि आमच्या गल्लीत कॉम्प्युटर येणारी ती पहिली ठरली. मी तेव्हा शाळेत होतो, माऊस फिरवून चित्रं काढायचो आणि स्वतःला मोठा तज्ज्ञ समजायचो. अक्काला माऊसचा काय उपयोग? ती सगळं कीबोर्डवर करायची. अव्वाच्या जुन्या लुगड्याची पट्टी माझ्या डोळ्यांवर बांधून तिनं मला कीबोर्ड शिकवला. एफ आणि जे या दोन बटणांवर बारीक उंचवटा असतो, तो मला पहिल्यांदा तिनं दाखवला. पुढं मी इंजिनियर झालो, पुण्यात लागलो, हाताखाली माणसं आली. कंपनीत कुणी विचारलं की कॉम्प्युटरची गोडी कशी लागली, तर मी कॉलेजातल्या एका सरांचं नाव सांगायचो.

दिसत नसलेली माणसं कॉम्प्युटर वापरतात ती स्क्रीन रीडर नावाच्या प्रोग्रॅमवर. पडद्यावर जे असेल ते तो बोलून दाखवतो. पण प्रत्येक सॉफ्टवेअर त्याला वाचता येतंच असं नाही. काही सॉफ्टवेअरं अशी बांधलेली असतात की त्याला नुसती कोरी भिंत लागते. मग तेवढ्यापुरती एक छोटी स्क्रिप्ट लिहून द्यावी लागते, की अमुक बटण दाबलं गेलं तर तू हे कर आणि असं बोल. बटण दाबल्याची वर्दी आधी स्क्रिप्टकडं येते. तिनं पुढं सोडली तर सॉफ्टवेअरला कळतं, नाही सोडली तर नाही. उंबऱ्यावर बसलेल्या सासूसारखं आहे हे. घरात काय गेलं आणि काय नाही, तिच्या मर्जीवर.

अक्का एका सरकारी कचेरीत आवक टेबलावर होती. नोकरी कंत्राटी. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग एक दिवसाचा खंड, मग पुन्हा अकरा महिन्यांची ऑर्डर. अशा चार ऑर्डरी तिनं ओळीनं घेतल्या होत्या. लोक अर्ज घेऊन यायचे, नाव, गाव, विषय तोंडानं सांगायचे, ती टाइप करायची, अर्जावर शिक्का मारायची आणि पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवरही मारायची. शिक्का कुठं मारायचा ते समोरचा माणूस तिचा हात धरून दाखवायचा. संध्याकाळी दिवसभराच्या नोंदींची यादी छापली जायची आणि त्या यादीप्रमाणे कागद टेबलाटेबलांवर वाटले जायचे.

तिला या कामाचा लई अभिमान होता. एकदा येऊन गेलेला माणूस ती आवाजावरून ओळखायची. "तुमी वैरागचे न्हवं का? गेल्या खेपेला रस्त्याचा अर्ज होता की," असं ती म्हणाली की समोरचा चपापायचा. रोज संध्याकाळी मला फोनवर गावांची खबर मिळायची. आज मोहोळ जास्त, आज अक्कलकोट कमी. "लोकांचं काम आधी माझ्याकडं येतंय, साहेबाकडं मागनं," हे वाक्य तिनं मला पन्नास वेळा तरी ऐकवलं असेल. मी कंटाळून हूं हूं करायचो.

चौथी ऑर्डर संपायला चारेक महिने असताना कचेरीत नवं आवक सॉफ्टवेअर आलं. अक्काचा फोन आला, "तम्मा, मशीन मुकं झालंय बघ." साहेबांनी चाचणीची एक प्रत मला पाठवली. भला माणूस. एका रविवारी बसून मी तिची स्क्रिप्ट लिहिली. रकाने बोलायला लागले. अडचण एकाच जागी होती. शेवटच्या रकान्यात एंटर मारलं की पडद्यावर एक चौकट यायची, "नोंद जतन करायची?" खाली दोन बटणं, हो आणि नाही. ज्यानं कुणी हे बांधलं त्याचा लोकांवर विश्वास नसावा, कारण निवड आधीपासून 'नाही'वर असायची. आणि ही चौकट स्क्रीन रीडरला दिसतच नव्हती.

मी तोडगा काढला. अक्कानं शेवटच्या रकान्यात एंटर मारलं की स्क्रिप्ट ते पुढं सोडणार, चौकट येईपर्यंत थांबणार, मग क्षणभर विसावून स्वतःच निवड 'हो'वर नेणार, स्वतःच एंटर मारणार, आणि अक्काला सांगणार, "नोंद झाली." माझ्या लॅपटॉपवर मी वीस-पंचवीस नोंदी टाकून बघितल्या. सगळ्या झाल्या. स्वतःवर खूश होऊन मी ती पाठवून दिली.

अक्कानं ती कचेरीत मिरवली. टेबलापुढं आलेल्या माणसालाही ती सांगायची, "हे बोलतंय न्हवं, ते माझ्या भावानं केलंय." हे मला अव्वाकडून कळलं. तेव्हा मी हसलो होतो.

महिन्याभरात लोक परत यायला लागले. हातात शिक्का मारलेली पोच, आणि यादीत नाव नाही. ज्या कागदाचं नाव यादीत नाही तो ट्रेच्या तळाशी राहायचा आणि मग गठ्ठ्यात जायचा. अक्का म्हणायची, मी टाकली होती नोंद, मशीन म्हणालं झाली. कचेरीतली माणसं मशीन उघडून दाखवायची, बघा, नाही. तिला दाखवून काय कळणार होतं? ती ऐकून घ्यायची.

तिनं मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी दुरून तिच्या मशीनला जोडून बघितलं. सकाळी, कचेरी भरायच्या आधी. माझ्या पुण्यातल्या कीबोर्डवरून पाच नोंदी टाकल्या, पाचही झाल्या. तिला सांगितलं, ठीक आहे सगळं. दुसऱ्यांदा तिनं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "सकाळचं होत न्हाई रे असं. दुपारचंच जास्त होतंय." हे तिनं मला सांगितलं होतं. कंपनीतल्या पोरांना मी दर आठवड्याला बजावतो की वापरणारा माणूस वेळ सांगत असेल तर ती लिहून घ्या, दोष तिथंच असतो. बहिणीला मी म्हणालो, "दुपारी अख्खं सोलापूर झोपतं, तुझाही डोळा लागत असेल."

चेष्टा होती. मी ती अव्वालाही ऐकवली. अव्वाला चेष्टा कळली नाही. तिनं दुसऱ्या दिवसापासून अक्काच्या डब्यातली एक भाकरी कमी केली, म्हणजे दुपारी सुस्ती यायला नको. अक्कानं विचारलं नाही, का कमी केली म्हणून. तेवढ्यावर ती दोनेक महिने राहिली.

तिसऱ्यांदा फोन आला तेव्हाचं मी सुरुवातीला लिहिलंच आहे.

त्यानंतर कचेरीनं तिच्याकडं लेखी खुलासा मागितला. तिनं मला विचारलं, काय लिहू. मी एका मीटिंगमधून दुसरीत जात होतो. म्हणालो, "लिही, सदर नोंदी माझ्याकडून नजरचुकीने राहून गेल्या, तरी क्षमा असावी, पुन्हा असे होणार नाही."

"नजरचुकीनं?" ती म्हणाली. "माझ्या?" आणि हसली.

मीही हसलो. "अगं, सरकारी भाषा आहे ती. असंच लिहितात."

तिनं तसंच टाइप केलं, छापून घेतलं, खाली सही केली. तिची सही मीच तिला शिकवली होती, मी सातवीत असताना, तिचा हात हातात धरून, पाठकोऱ्या कागदांवर. इतकी वर्षं ती त्याच वळणानं करत होती.

मोहोळची एक म्हातारी होती. एकटी, नवरा वारलेला, निराधार योजनेचा अर्ज. ती तीनदा आली. तिसऱ्या खेपेला ती भांडली नाही. टेबलाशी वाकून म्हणाली, "लेकी, तू ल्हिलं हुतंस न्हवं? मला नुसतं व्हय म्हन, मी पुन्यांदा येती." अक्काच्या तोंडून व्हय निघालं नाही. तिची खात्रीच उरली नव्हती. त्या रविवारी ती अव्वाला घेऊन एसटीनं मोहोळला गेली, म्हातारीचं घर विचारत विचारत शोधलं, आणि तिच्या पाया पडून आली. मला यातलं काही सांगू नकोस असं तिनं अव्वाला बजावलं होतं. मी उगाच काळजी करीन म्हणून.

पाचवी ऑर्डर निघाली नाही. खंडाचा एक दिवस गेला, दोन गेले, आठवडा गेला. मग साहेबांनी बोलावून नीट सांगितलं. ती घरी आली, डबा घासून ठेवला आणि अव्वाला म्हणाली की आता सकाळी घाई नको.

मी दोन आठवड्यांनी सोलापूरला गेलो. जाताना मनात राग होता, हेही लिहितो. वाटत होतं की हिनं जरा लक्ष दिलं असतं तर हे झालं नसतं. ठरवलं होतं की चार दिवस समोर बसवून सराव करून घेऊ, पुढं कुठं जाहिरात निघाली तर कामाला येईल. घरचा कॉम्प्युटर जुना, खोकत चालणारा. त्यावर ती चाचणीची प्रत घातली, स्क्रिप्ट घातली, आणि तिला म्हणालो, "टाक नोंद. मी बघतो."

खुर्ची ओढून मी तिच्या शेजारी बसलो. इतक्या महिन्यांत मी तिच्या हातांकडं पहिल्यांदा बघत होतो. तिची बोटं माझ्यापेक्षा चपळ चालली होती. नाव, गाव, विषय. शेवटच्या रकान्यात तिनं करंगळीशेजारचं बोट एंटरवर ठेवलं, दाबलं, आणि तसंच ठेवलं. "नोंद झाली" हे शब्द पुरे ऐकू आले तेव्हा कुठं उचललं.

पडद्यावर नोंद नव्हती.

"अक्का," मी म्हणालो, "बोट उचलत का नाहीस लगेच?"

"ऐकून झाल्याबिगर कसं उचलायचं?" तिला प्रश्नच विचित्र वाटला. "शाळेत बाईंनी पहिली गोष्ट हीच शिकवली की. ओळ पुरी झाल्याबिगर बोट उचलायचं न्हाई. उचललं की ओळ हरवती, मग पुन्हा वरनं शोधत यावं लागतं. लहानपणी लई मार खाल्लाय मी त्यापायी."

ब्रेल बोटानं वाचतात, हे मला माहीत होतं. वाचणाऱ्याला बोट म्हणजे जागा, हे मला माहीत नव्हतं.

मी स्क्रिप्टला एक वही जोडली, म्हणजे येणारी प्रत्येक वर्दी ती लिहून ठेवील अशी सोय. दहा मिनिटांचं काम. हे मी पहिल्या फोनच्या दिवशी करायला हवं होतं. अक्कानं पुन्हा नोंद टाकली आणि मी ती वही उघडली. एंटर दाबलं. एंटर दाबलं. एंटर दाबलं. एंटर दाबलं. खाली खाली तेच.

बटण दाबून धरलं की कॉम्प्युटरला ते एकदा दाबलंय असं वाटत नाही. अर्धा सेकंद तो वाट बघतो, मग पुन्हा पुन्हा दाबलं म्हणून वर्दी देत राहतो. अक्काचं पहिलं एंटर स्क्रिप्टनं घेतलं, पुढं सोडलं, चौकट आली. स्क्रिप्ट क्षणभर विसावली, मीच विसावायला सांगितलं होतं. तेवढ्यात अक्काच्या दाबून धरलेल्या बोटाचं दुसरं एंटर, मी ते अडवायला सांगितलं नसल्यानं, थेट चौकटीवर गेलं. निवड 'नाही'वर होती. चौकट मिटली, नोंद गेली. मग स्क्रिप्ट जागी झाली, रिकाम्या पडद्यावर तिनं आपलं 'हो' करून घेतलं, आणि काहीही न बघता, मी शिकवलेलं वाक्य म्हणाली.

मशीन जलद असेल तर हे घडत नाही, बोटाचं दुसरं एंटर येण्याआधी सगळं उरकलेलं असतं. माझ्या लॅपटॉपवर म्हणून घडलं नाही. सकाळी रिकाम्या कचेरीत घडलं नाही. दुपारी सगळी टेबलं चालू झाली, मशीन मंदावलं, की घडायचं. आणि माझं बोट तर बटणाला टिचकी मारून उचलणारं. मी स्वतः हजार नोंदी टाकल्या असत्या तरी एकही गेली नसती.

अंगण वाकडंच होतं, आणि ते मी सारवलं होतं.

दुरुस्ती थोडक्यात झाली. बोट उचलल्याची वर्दी येईपर्यंत बाकीची एंटरं गिळून टाकायची, आणि यादीत नोंद प्रत्यक्ष बघितल्याशिवाय "झाली" म्हणायचं नाही. चहा होईपर्यंत संपलं. अक्का विचारत होती, "काय रे, सापडलं का माझं चुकतंय ते?" मी म्हणालो, बघतोय. मोरीत जाऊन पिंपातलं पाणी तोंडावर मारलं. बाहेर येऊन तिला सांगायचं धैर्य झालं नाही. म्हटलं, आधी कचेरीत जाऊ, काही परत मिळतंय का बघू, मग सांगू. भेकडाला निमित्त लागतंच.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा काढून म्हणाले, "ताई चांगल्या होत्या हो. मी त्यांना दोनदा विचारलं, मशीनचं काही असेल तर सांगा, पुण्याहून माणूस बोलावतो. त्याच म्हणाल्या, नको साहेब, माझ्या भावानं तपासलंय, त्याचं चुकणार नाही, माझंच चुकतंय. मग लेखीही तसंच दिलं. त्यापुढं मी काय करायचं, सांगा तुम्ही."

अक्काच्या टेबलावर दुसऱ्या बाईंची ऑर्डर निघाली होती. त्यांनाही घर होतं, त्यांचा काही गुन्हा नव्हता. मी म्हणालो, दोष माझ्या स्क्रिप्टचा होता असं लिहून देतो, तिच्या खुलाशाला जोडा, आणि ते गठ्ठ्यातले कागद काढा. कागद काढायला त्यांनी माझ्यासमोरच सांगितलं. मोहोळच्या म्हातारीचा अर्ज त्यात निघाला, त्यावर अक्कानं मारलेला शिक्का अगदी सरळ होता. माझ्या पत्राबद्दल ते म्हणाले, "द्या की. आवकला द्या, तिकडून येऊ दे माझ्याकडं."

अक्काच्या टेबलापुढं मी रांगेत उभा राहिलो. नव्या बाईंनी नाव विचारलं, गाव विचारलं, मग विषय विचारला. मला पटकन सुचेना. मागचा माणूस म्हणाला, "बोला की लवकर." मी म्हणालो, चुकीची कबुली. त्यांनी ते टाइप केलं, शिक्का मारला आणि पुढच्याला हात केला.

घरी आलो तेव्हा अक्का लसूण सोलत बसली होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं, काही न गाळता. ती सोलत राहिली. मध्येच एकेक प्रश्न विचारत होती, अर्ज घेताना विचारायची तसे.

"म्हंजे मी एंटर मारायची, आणि ते न्हाई म्हणायचं?"

"व्हय."

"आणि मला सांगायचं, झाली."

"व्हय अक्का."

"ते तू सांगायला लावलेलं."

"व्हय."

तिनं सोललेल्या पाकळ्या वाटीत टाकल्या. बोटांनी टरफलं एका जागी केली. "मी दुपारी झोपत न्हवते तम्मा."

"नाही अक्का."

"एकदापण न्हाई."

"नाही."

"अव्वाला सांग तेवढं."

मला रडू आलं. लहानपणी मी रडलो की ती चाचपडत येऊन माझं तोंड शोधायची आणि पदरानं पुसायची, आवाज नुसता नाकातून आला तरी तिला कळायचं. आताही तिला कळलं होतं. तिनं लसणाचा दुसरा गड्डा घेतला आणि फोडला. ती रागावली असती, वाटी फेकली असती, चार शिव्या घातल्या असत्या तर मी तिच्या पायावर डोकं ठेवलं असतं. तिनं मला तेवढीही जागा दिली नाही, आणि ते बरोबरच होतं.

अव्वाला मी सांगितलं. अव्वा म्हणाली, "मग भाकरी मी उगाच कमी केली की रे." एवढंच म्हणाली, पण तिच्या हातातला तवा तिला चुलीवर ठेवता येईना. तो मी घेऊन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला पुण्याला निघायचं होतं. मी अक्काच्या मागं लागलो की एकदा, फक्त एकदा, दुरुस्त केलेली स्क्रिप्ट चालवून बघ. साहेब म्हणालेत, पुढं जाहिरात निघाली तर अर्ज करा. तिची इच्छा नव्हती. पण पाहुण्यासारखी आलेली माणसं जाताना जे मागतात ते आमच्या घरी नाकारत नाहीत, म्हणून ती बसली.

नाव, गाव, विषय. बोटं मंद चालत होती, प्रत्येक रकान्यात थबकत होती. शेवटी तिनं एंटर दाबलं आणि आवाज आला, "नोंद झाली."

ती हलली नाही. "झाली का?"

"झाली अक्का. आता ते बघूनच बोलतं. मी तसं लिहिलंय."

"त्याचं न्हाई विचारत. तू बघ."

मी बघितलं. नोंद यादीत होती, नाव, गाव, विषय, सगळं जागच्या जागी. "झालीय. दिसतीय मला."

तिनं मान थोडी तिरकी केली. कुणाच्या बोलण्याची खात्री वाटली नाही की ती तशी करते. टेबलापुढच्या माणसांसमोर करायची, दुकानदारासमोर करायची. माझ्यासमोर तिनं ती कधी केली नव्हती.

मग तिनं हाक मारली, "अव्वा, हिकडं ये जरा. हे झालंय का बघ की."

अव्वा पिठाच्या हातानं आली. तिचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, शाळा चार इयत्ता, तीही कन्नडमधली. मराठी अक्षर तिला लागत नाही. ती पडद्यापुढं वाकली, वरपासून खालपर्यंत बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली.

"आग्याद," अव्वा म्हणाली. "झालंय बघ."

"बरं," अक्का म्हणाली, आणि पुढचं नाव टाइप करायला लागली.